झिजलेल्या प्रूफ नाण्याची ओळख आणि मोल : १८४७ च्या गॉथिक क्राऊनच्या निमित्ताने

नाणकशास्त्राच्या परिभाषेतील 'प्रूफ' हा शब्द मराठी वाचकाची सहज दिशाभूल करतो. आपल्याकडे तो मुद्रणालयातून आला. प्रूफ म्हणजे तपासणीसाठी काढलेला कच्चा छाप, दुरुस्त्या झाल्या की टाकून द्यावयाचा कागद, हा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. टांकसाळीतील प्रूफही मुळात असाच चाचणीचा छाप होता. ठसा नीट उतरतो किंवा नाही हे पाहण्यासाठी तो काढीत. परंतु पुढे इंग्लंडात या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. झिलई दिलेल्या ठशांनी, झिलई दिलेल्या निवडक चकतीवर, सावकाश आणि बहुधा एकाहून अधिक दाबांनी उठविलेले नाणे ते प्रूफ, असा रूढार्थ झाला. मुद्रणालयातील प्रूफ हा कृतीचा सर्वांत अपूर्ण नमुना असतो, तर टांकसाळीतील प्रूफ हा सर्वांत पूर्ण. एकाच शब्दाने दोन कारखान्यांत असे विरुद्ध मार्ग धरावेत, हे अर्थपरिवर्तनाचे एक चांगले उदाहरण आहे.

या अर्थांतराचा परिणाम असा होतो की 'झिजलेले प्रूफ' हा शब्दप्रयोग ऐकताच तो वदतोव्याघात वाटतो. प्रूफ म्हणजे आरशासारखे लखलखीत नाणे, आणि ज्याची लकाकी गेली ते प्रूफ कसले, असा आक्षेप संग्राहकही कधीकधी घेतात. तो चुकीचा आहे. प्रूफ ही नाण्याची अवस्था नव्हे, ती त्याची घडण आहे. घडण एकदाच होते. अवस्था रोज बदलते. म्हणून झिजलेल्या नाण्याविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न 'ते किती चकाकते' हा नसून 'ते कसे घडले' हा आहे, आणि त्याचे उत्तर झिजेने पुसले न जाणाऱ्या खुणांतून शोधावे लागते. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट नाण्याच्या आधारे हा शोध कसा घ्यावा याची चर्चा केली आहे.

हे नाणे पुण्यातील एका जुन्या घराण्याच्या चांदीच्या वस्तूंत होते. मोड म्हणून चांदी विकण्याच्या वेळी ते सराफाकडे गेले. सराफाने ते तोलले, कडेला असलेल्या झाळेबद्दल थोडी वजावट धरली आणि चांदीचा भाव सांगितला. घरातील एका विद्यार्थ्याला अक्षरे चमत्कारिक वाटली म्हणून ते परत आले आणि प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. व्यास सुमारे ३८ मिलिमीटर, वजन २७.४० ग्रॅम. एका बाजूस मुकुट धारण केलेल्या स्त्रीची डावीकडे पाहणारी अर्धाकृती, अंगावर नक्षीदार वस्त्र, पाठीवर वेणी. दुसऱ्या बाजूस चार ढाली क्रुसाच्या आकारात मांडलेल्या. ही दुसरी बाजू फार झिजलेली. मुकुटाच्या नेमके वर, कडेवर, झाळेचा एक ढेकूळ. घरात या वस्तूला 'राणीछाप मोठा रुपया' असे नाव होते.

या नावात चूक असली तरी ती अर्थशून्य नाही. १८६२ पासूनच्या हिंदुस्थानी रुपयावर व्हिक्टोरिया राणीची जी मुकुटधारी, नक्षीदार वस्त्रातील प्रतिमा आहे, तिचे या प्रतिमेशी उघड साम्य आहे. त्यापूर्वीच्या, १८४० सालच्या कंपनी सरकारच्या रुपयावरील राणीचे मस्तक विल्यम वायन याने कोरले होते, आणि प्रस्तुत नाण्यावरील राणीची प्रतिमाही त्याचीच आहे. रुपया हातात घेऊन वाढलेल्या माणसाला येथे ओळखीचा चेहरा दिसला, यात नवल नाही.

परंतु रुपया तो नव्हे. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास आणि वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आमच्या नाण्याचे वजन त्याच्या दुपटीहून अधिक भरते. हे वजन आणि हा व्यास इंग्लंडच्या क्राऊनचा, म्हणजे पाच शिलिंगांच्या नाण्याचा आहे. १८१६ पासून इंग्लंडात एका ट्रॉय पौंड चांदीची ६६ शिलिंगे पाडीत. त्या हिशेबाने क्राऊनचे कायदेशीर वजन ४३६.३६ ग्रेन, म्हणजे २८.२८ ग्रॅम येते. आमचे नाणे त्याहून ०.८८ ग्रॅमने हलके आहे, म्हणजे झीज सुमारे तीन टक्के, आणि झाळेचे वजन वजा केल्यास त्याहून किंचित अधिक. धातूची परीक्षा पाण्यात तोलून केली. हजारी ९२५ शुद्धतेच्या चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.३६ च्या जवळ येते. आमच्या नाण्याचे १०.३० आले. हलक्या धातूची झाळ लक्षात घेता हा फरक समजण्याजोगा आहे. अलीकडे या नाण्याच्या ओतीव नकला पुष्कळ फिरतात. त्या बहुधा वजनात किंवा कडेवर पकडल्या जातात. म्हणून ही शुष्क वाटणारी मोजमापे आधी करावीत, अक्षरांकडे मागाहून वळावे.

अक्षरेच या नाण्याचे खरे वैशिष्ट्य होत. ती नेहमीची रोमन वळणाची मोठी अक्षरे नसून मध्ययुगीन हस्तलिखितांतील जाड, टोकदार, लहान अक्षरे आहेत. इंग्लंडच्या नाण्यांवरून असे वळण सोळाव्या शतकात निघून गेले होते. ते तीनशे वर्षांनी परत आणले गेले ते या नाण्यावर, आणि म्हणूनच त्याला 'गॉथिक क्राऊन' म्हणतात. (हे नाव भाषाशास्त्रज्ञाला खटकणारे आहे. गॉथ लोकांची भाषा आपणास मुख्यतः चौथ्या शतकातील वुल्फिला याच्या बायबलच्या भाषांतरावरून कळते आणि तिची लिपी अगदी वेगळी आहे. या जाड अक्षरांशी तिचा काही संबंध नाही. पण रूढ नाव बदलण्याचा अधिकार व्याकरणकारांना नसतो.) या पुनरागमनामागे त्या काळची अभिरुची होती. १८३४ च्या आगीत जळालेला वेस्टमिन्स्टरचा राजवाडा गॉथिक शैलीत पुन्हा उभा राहत होता आणि त्यातील उमरावांचे सभागृह १८४७ मध्येच खुले झाले. क्राऊनची ढालींची बाजू ज्याच्या रेखाटनावरून तयार झाली तो विल्यम डाइस हा चित्रकार त्याच सभागृहाच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्यांपैकी होता. तीच अभिरुची पुढे मुंबईला आली. राजाबाई मनोऱ्याखालून ज्यांनी विद्यापीठात प्रवेश केला आहे त्यांना या नाण्याची ठेवण परकी वाटू नये.

आता वाचन. दर्शनी बाजूचा लेख बराच शाबूत आहे : 'विक्टोरिया देई ग्रातिया ब्रितान्निआर रेग एफ डी', म्हणजे देवाच्या कृपेने ब्रिटनची राणी, धर्मरक्षक व्हिक्टोरिया. मागील बाजूस 'तुएआतुर उनिता देउस', म्हणजे या संयुक्तांचे देव रक्षण करो, आणि पुढे 'आन्नो दोम' या शब्दांनंतर रोमन अंकांत सन असावयास हवा. अडचण येथेच आहे. या लिपीत आय, एन, एम, यू ही अक्षरे सारख्याच लहान उभ्या दंडांनी बनतात. वेलांट्या आणि जोडरेषा झिजल्या म्हणजे 'उनिता' या शब्दाच्या आरंभी पाच सारखे दंड उरतात आणि ते कसे तोडावेत हे डोळा सांगू शकत नाही. मोडी वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. आधी ओळीची रेघ ओढून तिला अक्षरे टांगीत जाणाऱ्या मोडी लेखकाने शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि तरी वाचक वाचतो, कारण तेथे काय असू शकते हे त्याला ठाऊक असते. मात्र या ज्ञानाचा उपयोग जपून करावा लागतो. जे असू शकते ते वाचणे निराळे आणि जे असावे असे वाटते ते वाचणे निराळे.

सन कोणता असू शकतो? गॉथिक क्राऊन दोनच सनांचे आहेत. १८४७ चे ८,००० पाडले गेले आणि १८५३ चे अवघे ४६०. पहिला सन अंकांत लिहिताना दहा अक्षरे लागतात : एम, डी, सी, सी, सी, एक्स, एल, व्ही, आय, आय. दुसऱ्यास नऊ : एम, डी, सी, सी, सी, एल, आय, आय, आय. आमच्या नाण्यावर आरंभीचे एम आणि डी कसेबसे दिसतात, पुढे तीन अर्धगोल खुणा आणि त्यानंतर सपाट झालेला पट्टा. या पट्ट्यात तिरकस प्रकाशात एक तिरपी रेघ दिसते. ती एक्सची असावी असे वाटते, पण 'वाटते' यापलीकडे त्या बाजूवरून जाता येत नाही. १८५३ चे नाणे कितीतरी दुर्मिळ असल्याने मालकाचा आणि, खरे सांगावयाचे तर, वाचकाचाही मोह त्या बाजूस झुकतो. हाच तो जागा सोडण्याचा क्षण. मी तेवढ्यावर वाचन थांबविले आणि कड पाहिली.

इंग्लंडात क्राऊनच्या कडेवर लेख उठविण्याची पद्धत सतराव्या शतकापासून आहे. 'डेकुस एत तुतामेन', म्हणजे शोभा आणि संरक्षण. कडा कातरून चांदी चोरणाऱ्यांपासून नाण्याचे रक्षण व्हावे हा त्याचा हेतू. या शब्दांपुढे राज्यारोहणाचे वर्ष असते. व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी गादीवर आली. १८४७ च्या गॉथिक क्राऊनवर 'उन्देकिमो', म्हणजे अकरावे वर्ष, आणि १८५३ च्या नाण्यावर 'सेप्तिमो' या शब्दाने सुरू होणारे सतरावे वर्ष येते. १८४७ सालचा दुसरा, साधा चलनी क्राऊनही आहे. त्यावर राणीचे तरुण, मुकुटविरहित मस्तक असून कडेवर तेच अकरावे वर्ष अक्षरांत नव्हे तर अंकांत दिले आहे. आमच्या नाण्याच्या कडेवर झाळेने दोनतीन अक्षरे गिळली आहेत, परंतु 'तुतामेन' मधील बहुतेक अक्षरे आणि 'उन्देकि' इतका भाग भिंगाखाली निःसंशय वाचता येतो. चांदीचोरांना रोखण्यासाठी घातलेल्या लेखाने येथे सनाचे रक्षण केले. काही थोडे गॉथिक क्राऊन साध्या, लेखविरहित कडेचेही आहेत, म्हणून कोरी कड म्हणजे नकली नाणे असे समीकरण मांडू नये. मात्र अशा नाण्याबाबत संशयाचे निरसन अधिक कसून करावे लागते.

कडेवरील वर्ष आणि दर्शनी सन एकमेकांस ताडून पाहता येतात, ही सोय आपल्याकडील रुपयाच्या अभ्यासकाला मिळत नाही. १८४० हा सन कोरलेले रुपये १८६२ पर्यंत पाडले जात होते, आणि १८६२ हा सन १८७४ पर्यंत. मुंबईच्या टांकसाळीने त्या दुसऱ्या काळात सनाखाली ठिपके देऊन वर्षे मोजण्याची युक्ती केली. तेव्हा नाण्यावरील सन हा घटनेचा सन असतोच असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी शिकून घ्यावे.

एकदा नाणे १८४७ चा गॉथिक क्राऊन ठरले की प्रूफचा प्रश्नही सुटतो, आणि तो चकाकीने न सुटता वर्गीकरणाने सुटतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गॉथिक क्राऊन प्रूफ पद्धतीनेच घडविले गेले. याची साधी चलनी आवृत्ती नाही. १८३९ च्या क्राऊनचेही तसेच. तो केवळ प्रूफ-संचासाठी पाडला गेल्याने कितीही झिजलेला १८३९ चा क्राऊन प्रूफच असतो. याउलट ज्या नाण्याच्या प्रूफ आणि चलनी अशा दोन्ही आवृत्त्या एकाच सनाच्या आहेत, तेथे पुरावा नाण्याच्या अंगावरच शोधावा लागतो : अक्षरांच्या उभ्या भिंती तीक्ष्ण आहेत काय, काठ चौकोनी उठावाचा आहे काय, आणि उंचवट्यांच्या आडोशाला, अक्षरांच्या पोटात, मूळ आरसपानी पृष्ठाचा अवशेष उरला आहे काय. आमच्या नाण्यात हा पुरावा अनावश्यक असला तरी हजर आहे. 'ग्रातिया' या शब्दातील अक्षरांच्या पोटात आणि मुकुटाच्या कमानीखाली, मोहरीच्या दाण्याएवढ्या जागांत, आजही आरसा आहे.

झिजेचा विचार मात्र येथे संपत नाही, उलट येथे सुरू होतो. संग्राहकाच्या दृष्टीने झीज म्हणजे वजावट. इतिहासकाराच्या दृष्टीने झीज हा नाण्यावरील दुसरा लेख आहे, टांकसाळीबाहेर लिहिला गेलेला. आमच्या नाण्याची मागील बाजू पुढच्या बाजूपेक्षा फार अधिक झिजली आहे. थैलीत इतर नाण्यांबरोबर फिरणाऱ्या नाण्याच्या दोन्ही बाजूंची झीज इतकी विषम सहसा होत नाही, आणि तेथे काठावर लहानमोठे ठोकरे पडतात. ते येथे जवळजवळ नाहीत. झाळ मुकुटाच्या बरोबर वर आहे. म्हणजे नाण्यास कडी लावून ते राणीचा चेहरा उभा आणि बाहेर दिसेल असे टांगलेले होते. मागची बाजू वर्षानुवर्षे कापडावर किंवा अंगावर घासली गेली आणि सन तिथेच असल्याने सन गेला. तीन टक्के वजन बाजारात नव्हे, कोणाच्या तरी छातीवर खर्च झाले आहे. ते किती वर्षांत झाले हे वजनावरून काढता येत नाही, आणि तसे काढून दाखविणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

पुढच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बारीक, समांतर ओरखड्यांचे जाळे आहे. ती झीज नव्हे. सणापूर्वी घरातील चांदी रांगोळीने घासून उजळण्याची जी चाल आहे, तिचा तो परिणाम होय. कापडाची झीज उंचवट्यांना खाते आणि खोलगट जागांना वाचविते. घासणी सपाट पृष्ठावर एका दिशेने रेघा ओढते. हा भेद भिंगाखाली दहा मिनिटांत शिकता येतो. त्याने एका नाण्यावर तीन हात वेगळे काढता येतात : टांकसाळीचा, वापरणाऱ्याचा आणि उजळणाऱ्याचा. पाठचिकित्सा करणारा संशोधक पोथीतील मूळ लेखक, प्रतकार आणि नंतरचा 'सुधारक' यांना वेगळे करतो, तीच ही रीत.

आता मोल. सराफाने वजनावर भाव सांगितला, यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्याच्या व्यवसायाची सारी स्मृती रुपयाशी बांधलेली आहे. अंकुशी, चांदवडी अशा अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत असताना प्रत्येकाचा कस पाहून बट्टा ठरविणे हेच त्याच्या पूर्वजांचे काम होते. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा झाला आणि तोळाही तेवढाच. त्यामुळे नाणे आणि वजन ही दोन निराळी मापे आहेत ही जाणीवच पुसट झाली. १८९३ मध्ये हिंदुस्थानातील टांकसाळी खासगी चांदीला बंद होईपर्यंत रुपयाची किंमत मुख्यतः त्याच्या चांदीवर उभी होती. इंग्लंडचे शिलिंग तसे नव्हते. १८१६ मध्ये पौंडाची ६२ ऐवजी ६६ शिलिंगे पाडू लागताच दर्शनी किंमत धातूच्या किमतीवर गेली, आणि चांदीचे नाणे सोन्याच्या मानाचे प्रतीक झाले. हा क्राऊन जन्मतःच आपल्या चांदीपेक्षा अधिक किमतीचा होता. त्याला सराफी काट्यावर घालणे म्हणजे एका व्यवस्थेचे नाणे दुसऱ्या व्यवस्थेच्या मापाने मोजणे होय.

काटा सांगतो ते एवढेच : २७.४० ग्रॅम वजनात शुद्ध चांदी २५.३५ ग्रॅमच्या आसपास, किंवा सराफाच्या भाषेत अडीच तोळ्यांस काहीशी कमी भरणारी वस्तू. दर्शनी किंमत पाच शिलिंगे. १९७१ मध्ये इंग्लंडने दशमान चलन स्वीकारल्यावर त्याचे २५ पेन्स झाले. संग्राहकांच्या बाजारात झिजलेल्या गॉथिक क्राऊनलाही धातूच्या अनेक पट किंमत येते, कारण आठ हजार ही संख्या लहान आणि नाण्याची कीर्ती मोठी. परंतु कडी लावल्याच्या खुणेने, आणि त्याहून अधिक घासणीच्या ओरखड्यांनी, ही किंमत उतरते. येथे बाजाराचा कल विचार करण्यासारखा आहे. अमेरिकन सेंटांवरील आपल्या १९४९ च्या ग्रंथात विल्यम शेल्डन याने नाण्याच्या अवस्थेस १ ते ७० असे अंक दिले. ते अंक मुळात किमतीचे गुणोत्तर होते : ७० अवस्थेचे नाणे १ अवस्थेच्या सत्तरपट किमतीचे. हे गुणोत्तर लवकरच बाजाराने मोडले, पण अंक टिकले आणि पुढे जगभर पसरले. आज त्या मानाने ६० च्या खाली घसरलेल्या प्रूफला 'बिघडलेले प्रूफ' म्हणतात. अवस्थेचे वर्णन म्हणून जे अंक आपण वापरतो त्यांचा जन्म किमतीच्या हिशेबात झाला आहे, हे विसरल्यामुळे वर्णन आणि मोल यांची गल्लत होते, आणि संग्रहालयांच्या नोंदवह्यांतही ती शिरते. 'खराब स्थिती' एवढेच लिहून मोकळे झालेल्या नोंदी अनेकांनी पाहिल्या असतील. अशी नोंद खरेदीदाराला उपयोगी पडेल, संशोधकाला नाही.

म्हणून प्रस्तुत नाण्यासाठी घराण्याच्या संमतीने जी नोंद तयार केली ती पुढीलप्रमाणे आहे. 'क्राऊन, इंग्लंड, १८४७, गॉथिक अक्षरांचा, प्रूफ घडण. सन कडेवरील "उन्देकि" या वाचनावरून. मागील बाजूवरील सन अवाच्य, एक्स हे अक्षर संभाव्य. वजन झाळेसह २७.४० ग्रॅम. मुकुटावर कडीची झाळ. मागील बाजूची झीज घर्षणाची, पुढील बाजूवरील रेघा घासणीच्या. मूळ पृष्ठाचे अवशेष अक्षरांच्या पोटात. उजळू नये.' झाळ काढून नाणे 'पूर्ववत' करून देण्याची तयारी एका कारागिराने दाखविली होती. घरच्यांनी ती नाकारली. कडी मात्र सापडलेली नाही. चांदीच्या त्याच पेटीत एक सुटी साखळी आहे, तिच्या शेवटच्या दुव्याची झाळ या झाळेशी जुळते काय, हे अद्याप पाहावयाचे आहे.